सात नंबरचा थेंब

तो थेंब पहिल्यांदा सेक्रेटरींना दिसला, हेच मुळात वाईट झालं. दुसऱ्या कोणाला दिसला असता तर तो माणूस त्यावर पाय देऊन कामाला निघून गेला असता. पण इमारतीच्या पार्किंगमध्ये नुकत्याच पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या, त्या सेक्रेटरींनी स्वतः पसंत केल्या होत्या, आणि रोज सकाळी हात मागे बांधून ते एकेका फरशीची हजेरी घेत फिरत. सात नंबरच्या जागेत, गाडीच्या पोटाखाली, त्यांना लिंबाच्या बीएवढा काळा थेंब दिसला. त्यांनी खिशातून खडू काढला, थेंबाभोवती गोल केला, शेजारी तारीख घातली आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

"साहेब, जरा खाली या. तुमच्या गाडीनं केलंय."

नव्या पिल्लानं गालिच्यावर केलं असावं, तसं ते म्हणाले. साहेब पायात चपला सरकवून खाली गेले, वाकले, बोटाला थेंब लावून वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "ऑइल आहे."

"ते मलाही कळलं," सेक्रेटरी म्हणाले. "पण तुमच्याकडे, म्हणजे तुमच्याकडेच, गळती?"

टोमणा जिथे बसायचा तिथे बरोबर बसला. साहेब पाणीपुरवठा खात्यात गळती विभागाचे उपअभियंता होते. सव्वीस वर्षं जमिनीला कान लावून त्यांनी शहरभरच्या नळांच्या गळत्या शोधल्या होत्या. इमारतीत सगळे त्यांना गळतीसाहेब म्हणत आणि इतकी वर्षं ते आदरानं म्हणत. त्या सकाळपासून ते हसू दाबून म्हणू लागले.

तरी गाडी स्वतःची असती तर साहेबांनी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. गाडी होती सासरेबुवांची. सासरेबुवा निवृत्त हेडमास्तर. डोळे अधू झाले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा आठवड्यापूर्वी त्यांनी एकोणीस वर्षं जिवापाड जपलेली ती निळी गाडी थोरल्या जावयाच्या, म्हणजे साहेबांच्या, हवाली केली. धाकट्या जावयाकडे, म्हणजे साहेबांच्या साडूंकडे, नवी कोरी गाडी होती, नाहीतर कोणाचा नंबर लागला असता हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. साडूंना हेडमास्तरांनी पहिल्याच भेटीत "तरतरीत आहे" असं म्हटलं होतं. साहेबांना बावीस वर्षांत काहीच म्हटलं नव्हतं. वाईटही नाही, चांगलंही नाही. पेपर तपासायचा राहून जावा तसे साहेब राहून गेले होते. किल्ली देतानासुद्धा म्हातारा एवढंच म्हणाला होता, "बघू, कशी सांभाळता."

साहेबांना त्यांच्या तोंडून एकदा बरा शब्द ऐकायचा होता. फार नाही, एकदाच. म्हणून हा थेंब त्यांच्या जिव्हारी लागला.

त्यांनी प्रकरण खात्याच्या पद्धतीनं हाताळायचं ठरवलं. एक जाड वही आणली, तिच्यावर 'गळती नोंदवही' असं लिहिलं, आत रकाने आखले: तारीख, वेळ, थेंबांची संख्या, केलेली कार्यवाही, शेरा. गाडीखाली पुठ्ठा सरकवला. रोज सकाळी पावणेसातला खाली जायचं, पुठ्ठ्यावरचे थेंब मोजायचे, बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि किती ऑइल आहे ते बघायचं. पहिल्याच दिवशी ऑइल खालच्या खुणेपर्यंत उतरलेलं निघालं. साहेबांच्या पाचावर धारण बसली. त्यांनी ताबडतोब डबा आणला आणि कपभर ऑइल ओतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा तेच सांगू लागली. पुन्हा कपभर. पट्टी ढिम्म हलेना आणि साहेबही माघार घेईनात.

त्यांची बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, आणि मापाच्या बाबतीत तिला कोणी फसवू शकत नसे.

"अहो," आठव्या दिवशी चहा गाळताना ती म्हणाली, "रोज कपभर घालताय. पुठ्ठ्यावर पडतं चमचाभर. मग बाकीचं जातं कुठे?"

"जळतं," साहेब म्हणाले. "इंजिन आहे ते."

"मग धूर कुठे दिसतो?"

"अगं, हे तांत्रिक असतं."

बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य साहेबांनी पुष्कळदा वापरलं होतं आणि दर वेळी ते पुढे महागात पडलं होतं. पण ती चहा संपवून कामावर गेली. तिला थांबायची सवय होती.

इकडे थेंब वाढू लागले. एकाचे तीन झाले, तिनाचे सात झाले. इमारतीला चर्चेला विषय मिळाला. गळती कशी थांबवावी हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस त्या इमारतीत राहतच नव्हता. एकानं साबणाची वडी घासायला सांगितली. एकानं गाडी उलटी लावून बघायला सांगितली. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. दुसऱ्या मजल्यावर कप्तान राहत. ते मुळात जहाजावर भांडारपाल होते, पण समुद्र पाहिलेला इमारतीत दुसरा कोणी नसल्यामुळे त्यांची बढती कोणी रोखली नव्हती.

"भुसा," कप्तान म्हणाले. "लाकडाचा भुसा टाका खाली, चांगला वीतभर. जहाजावर आम्ही हेच करायचो. सगळं पितो तो."

साहेबांनी सुताराकडून पोतंभर भुसा आणून पसरला. भुशानं ऑइल प्यायलं, यात शंका नाही. पण इमारतीच्या मांजरीला इतकं मऊ अंथरूण जन्मात मिळालं नव्हतं. ती त्यात मनसोक्त लोळली आणि नेहमीच्या फेरीला निघाली. दुपारी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर चार चार काळे पंजे उमटले होते, आणि ते चौथ्या मजल्यावर, सेक्रेटरींच्या दारातल्या नव्या पायपुसण्यावर जाऊन थांबले होते.

संध्याकाळी लिफ्टमध्ये नोटीस लागली. 'वाहनातील गळती सात दिवसांच्या आत बंद न केल्यास जागा क्रमांक सात रद्द करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.' भाषा साहेबांना ओळखीची वाटली. पाचव्यांदा वाचल्यावर उलगडा झाला: ती त्यांच्याच खात्याच्या नोटिशीची होती; ती नोटीस इमारतीच्या टाकीच्या गळतीबद्दल तीन वर्षांपूर्वी आली होती, आणि तिच्याखाली सही साहेबांचीच होती. सेक्रेटरींनी ती जपून ठेवली होती.

आता गाडी दाखवणं भाग होतं. हेडमास्तरांची गाडी वर्षानुवर्षं ज्या गॅरेजात जायची ते दोनच गल्ल्या पलीकडे होतं, पण तिथे पाऊल टाकलं की संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याच्या कानावर जाणार. म्हणून साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथे मेकॅनिक दिसतच नव्हते. टाय लावलेली माणसं होती आणि कॉफीचं मशीन होतं. एका टायनं गाडीखाली बॅटरी मारली, मान हलवली आणि सांगितलं की इंजिन खाली उतरवावं लागेल, दहा दिवस लागतील. साहेब मन घट्ट करून "उतरवा" म्हणाले. तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढे केला.

"इथे मालकाची सही लागेल, सर."

"करतो की."

"तुमची नाही, सर. गाडी तुमच्या नावावर नाहीये."

"सासऱ्यांची आहे. म्हणजे आता माझीच."

"हो सर. मग त्यांना घेऊन या. नाहीतर त्यांचं पत्र. कारण नमूद करून."

कारण नमूद करून! 'आपली एकोणीस वर्षं जपलेली गाडी मी महिन्याभरात गळकी केली, सबब इंजिन उतरवण्यास परवानगी असावी.' साहेब कागद तसाच ठेवून परत आले. येताना तीन सिग्नलना त्यांनी मागे वळून रस्त्यावर थेंब पडलेत का ते पाहिलं. पडले होते.

बुधवारी सासरेबुवांचा फोन आला. "रविवारी येतो. धाकटे जावई आणून सोडतील. गाडीबद्दल जरा बोलायचंय."

"काय बोलायचंय, बाबा?"

"समोर बोलू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

साहेबांचं जेवण गेलं. कोणीतरी चुगली केली होती. म्हातारा गाडी परत घेणार, आणि साडूंसमक्ष घेणार. "तसं काही नसेल हो," बायको म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला. ती गाडी तिलाही हवी होती. तिच्यातच ती गाडी चालवायला शिकली होती.

हातात तीन दिवस होते. साहेबांनी इंटरनेटवर पाहिलं. एक गृहस्थ सांगत होते: इंजिन पुसून कोरडं करा, त्यावर पांढरी पावडर भुरभुरा, गाडी चालू करा, जिथून ऑइल येतं तिथे पावडर काळी पडेल, म्हणजे मूळ सापडलं. युक्ती खरोखर चांगली होती. फक्त 'भुरभुरा' हा शब्द साहेबांनी कानाआड केला. बायकोच्या गुलाबी वासाच्या पावडरीचा अख्खा डबा त्यांनी इंजिनावर रिता केला, गाडी सुरू केली आणि नीट दिसावं म्हणून बॉनेटखाली वाकले. त्याच क्षणी इंजिनाचा पंखा फिरला.

गाडीच्या पुढ्यातून एक पांढरा, सुवासिक ढग उठला. तो खाली बसला तेव्हा समोर सेक्रेटरी आणि कमिटीचे दोन सभासद उभे होते. ते पाहणीसाठी आले होते. साहेबांच्या केसांपासून चपलांपर्यंत सगळं पांढरं होतं, फक्त डोळे तेवढे मिचमिचत होते.

"साहेब," एक सभासद हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

पण मूळ सापडलं! इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, ज्याला गॅरेजवाले टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या कडेनं पावडर काळी झाली होती. साहेबांनी पाना आणला. सव्वीस वर्षं ते हाताखालच्या माणसांना सांगत आले होते, "एक आटा जास्त पिळा, जन्माची कटकट जाते." त्यांनी प्रत्येक नट दोन आटे जास्त पिळला. आतलं रबराचं पॅकिंग चिरडून बाहेर डोकावू लागलं, तेव्हा कुठे ते थांबले. नोंदवहीत शनिवारची नोंद आहे: थेंब एकोणचाळीस. कार्यवाही: नट आवळले. शेऱ्याच्या रकान्यात काहीच नाही.

रविवारी सकाळी सेक्रेटरींची नजर चुकवून साहेबांनी पुठ्ठा काढला, गाडी खालून कापडानं लख्ख पुसली आणि थेंब झेलायला चहाचा ट्रे सरकवला. कामाचा उरक असा की पाहुणे दहा मिनिटं लवकर आले तेव्हा ते गाडीखालीच होते. आधी साडूंच्या नव्या गाडीची चाकं दिसली, मग हेडमास्तरांचे पॉलिश केलेले बूट.

"काय शोधताय?" वरून आवाज आला.

"पेन," साहेब म्हणाले.

हेडमास्तरांच्या हातात एक कापडी पिशवी होती. बायकोनं ती घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती छातीशी धरली. साहेबांनी ओळखलं: गाडीची कागदपत्रं. साडू आपल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "आमच्या हिला ऑइलची पट्टीच नाहीये," ते म्हणाले. "सगळं पडद्यावर दिसतं." साहेब कसनुसं हसले.

"आधी एक चक्कर मारू," हेडमास्तर म्हणाले. "मग बोलू."

चौघं निळ्या गाडीत बसले. साहेबांच्या शेजारी हेडमास्तर, मांडीवर पिशवी. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मागून सेक्रेटरींचा "साहेब, ट्रे!" असा आवाज आला. पहिली गल्ली नीट गेली. दुसरीत साहेबांनी जरा वेग दिला आणि आरशात बघितलं, तर मागचा रस्ता नाहीसा झाला होता. निळसर धूर दाटला होता. एक सायकलवाला खोकत शेजारी आला आणि ओरडला, "ओ काका, गाडी जळतीये!"

साहेबांनी हेडमास्तरांकडे बघायचं धाडस केलं नाही. म्हातारा समोर बघत शांतपणे म्हणाला, "डावीकडे घ्या. पुढे माझी विद्यार्थिनी आहे."

म्हणजे तेच गॅरेज, जे साहेब तीन आठवडे टाळत होते. मालकीण पन्नाशीची, गळ्यात दोरीला चष्मा, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. गाडी धुरासकट आत आली तशी ती उठली, आणि हेडमास्तरांना बघून हातातला पाना पाठीमागे लपवून सरळ उभी राहिली.

"सर! तुम्ही कशाला आलात, मी आले असते."

तिनं बॉनेट उघडलं, वाकली, दोनदा नाक ओढलं आणि चष्मा चढवून सगळ्यांकडे पाहिलं.

"हिला पावडर कोणी लावली?"

साहेबांच्या बायकोनं रुमाल तोंडाशी धरला.

बाईंनी थोडा वेळ इंजिन थंड होऊ दिलं, मग पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चार बोटं चढलेलं होतं. "किती घातलंय हे? चार लिटरचं इंजिन आहे, सहा तरी असेल आत. साहेब, पट्टी बघत नाही का तुम्ही?"

"रोज बघतो!" साहेबांचा अभिमान उसळला. "रोज सकाळी पावणेसातला. नोंद आहे माझ्याकडे. रोज कमीच असतं."

"गाडी उभी कुठे असते?"

"सात नंबरला. उतारावरून वर येताना पहिली जागा."

"सपाट आहे?"

सात नंबरची जागा बरीच तिरकी होती.

"ऑइल मागे पळतं, पट्टी पुढे आहे," बाई म्हणाल्या. "कितीही ओता, तिथे ती कमीच दाखवणार. पट्टी बघायची ती सपाट जमिनीवर. जास्त झालं की आत फेस होतो, दाब वाढतो. तुम्ही पाण्याच्या खात्यात ना? नळात दाब फार झाला तर काय होतं?"

"सांधे सुटतात," साहेब पुटपुटले. हे वाक्य खात्याच्या माहितीपत्रकात दुसऱ्या पानावर होतं. ते त्यांनीच लिहिलेलं होतं.

साडूंनी घसा खाकरला. बायको छताकडे बघू लागली. ती 'मी म्हणाले होते' असं म्हणाली नाही, आणि त्याबद्दल साहेब जन्मभर तिचे ऋणी राहिले. पण संपलंच होतं सगळं. आता लपवायला काही उरलं नाही म्हटल्यावर माणसाला येतं तसलं एक उसनं धैर्य त्यांना आलं.

"बाबा, चूक माझी आहे," ते म्हणाले. "गाडी परत घ्या, मला वाईट वाटेल, पण घ्या. मात्र एक गोष्ट मला पटत नाही. मी ऑइल घालायला लागलो ते थेंब दिसल्यावर. मग पहिला थेंब आला कुठून?"

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग इतका वेळ हातातून न सोडलेली ती पिशवी उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. ते बिस्किटांच्या डब्याचं झाकण होतं, जुनं, तळाशी काळं पडलेलं.

"गाडीबरोबर हे द्यायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "थेंब माझ्या वेळेपासून आहे. रोज रात्री एक. अकरा वर्षं झाली. मी हे खाली ठेवायचो आणि सकाळी उचलायचो. देताना सांगायला जीभ रेटली नाही. गळकी गाडी जावयाच्या गळ्यात मारली असं व्हायला नको. महिनाभर झोप नाही मला. तेच बोलायला आलो होतो."

"अकरा वर्षं?" बाई ओरडल्याच. "सर, मग मला का नाही दाखवलंत?"

"तुला दिसलं नाही का?"

"कसं दिसणार? तुम्ही गाडी आणायच्या आधी खालून लख्ख पुसून आणायचात!"

हेडमास्तर जमिनीकडे बघू लागले. "विद्यार्थ्यांपुढे गाडी तशी न्यायची म्हणजे..." ते म्हणाले आणि थांबले. साहेबांना आपण सकाळी वापरलेलं कापड आठवलं. ते अजून त्यांच्या मागच्या खिशात होतं.

बाईंनी गाडी वर उचलली, खाली जाऊन ऑइलच्या चेंबरचा नट फिरवला, सगळं ऑइल काढलं आणि नटाखालची शर्टाच्या बटणाएवढी तांब्याची चकती बाहेर आणली. चकती झिजून कागदासारखी झाली होती. नवी बसवायला दोन मिनिटं लागली. टॅपेट कव्हरचं चिरडलेलं पॅकिंग बदलायला तासभर लागला, आणि तेवढा वेळ बाई "दोन दोन आटे पिळलेत" असं मधून मधून म्हणत राहिल्या. मापात ऑइल भरलं. धूर गेला. गुलाबाचा वास मात्र राहिला. तो कशानं जातो ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

परत आले तेव्हा पार्किंगमध्ये सेक्रेटरी खडू घेऊन उकिडवे बसले होते. साडूंच्या नव्या गाडीखाली फरशीवर ओलं होतं. "आता हे!" ते म्हणाले. साहेब वाकले, बोट लावलं, वास घेतला. "एसीचं पाणी आहे, निर्धोक," त्यांनी निर्वाळा दिला. आज प्रथमच त्यांचा आवाज उपअभियंत्याचा वाटला. साडूंनी पडद्यावर काही दिसतं का ते आत जाऊन बघितलं.

हेडमास्तर मुक्कामाला राहिले. सोमवारी पावणेसातला साहेब सवयीनं वही घेऊन खाली उतरले, तर म्हातारा आधीच सात नंबरपाशी वाकून उभा होता. दोघांनी मिळून खाली बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत होती.

"वहीत काय लिहिता?" हेडमास्तरांनी विचारलं.

साहेबांनी संकोचून वही पुढे केली. पांढऱ्या पावडरीचे ठसे असलेली पानं हेडमास्तरांनी डोळ्यांजवळ धरून, पहिल्या थेंबापासून एकोणचाळीसपर्यंत, एकेक ओळ बोटानं वाचली. कुठे हसले नाहीत. मग खिशातून मालकी बदलायचा फॉर्म काढला, बॉनेटवर ठेवून सही केली आणि साहेबांच्या हातात दिला. त्यासाठी उघडलेलं पेन त्यांनी बंद केलं नाही. वही पुन्हा ओढून घेतली, आजच्या तारखेपुढे, शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यात, वळणदार अक्षरात काहीतरी लिहिलं, आणि काठी टेकत चहाला वर निघून गेले.

साहेब वही घेऊन किती वेळ तिथे उभे होते कोण जाणे. शेवटी बायको शोधत खाली आली. त्यांनी बोट ठेवून तिला ती ओळ दाखवली. लिहिलं होतं: 'प्रगती समाधानकारक.'

तिनं दोनदा वाचलं. "अहो," ती म्हणाली, "मी त्यांच्याच शाळेत दहा वर्षं होते. मला 'बरी' च्या वर कधी दिलं नाही."